बदली, एक बर्नर आणि एका माणसाचा स्वयंपाक

मोबाईलवर ते "दहा मिनिटांत झटपट भाजी" वाले व्हिडिओ येतात ना, त्यात भाजी निवडणं, धुणं, चिरणं, लसूण सोलणं आणि शेवटी कढई घासणं यातलं काहीच धरलेलं नसतं. सगळं चिरून वाट्यांमध्ये मांडून ठेवलेलं असतं आणि मग ह्यांचं घड्याळ सुरू होतं. चिरून द्यायला कोणी असेल तर मी पण करीन की दहा मिनिटांत. संध्याकाळी सात-सव्वासातला दमून घरी आलेला, एकटा राहणारा आणि आयुष्यात चहा आणि फार तर ऑम्लेट याच्यापलीकडे न गेलेला माणूस, त्याच्या ताटात साडेआठच्या आत गरम काहीतरी पडायला काय काय करावं लागतं ते लिहितोय, कारण मी त्यातूनच गेलोय.

मी कोल्हापूरचा. बँकेत प्रमोशन घेतलं की बदली ठरलेली, ती माझी झाली भंडाऱ्याला. महाराष्ट्राचं हे टोक ते ते टोक. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापुरातून दुपारी निघते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंडारा रोडला सोडते, आणि ते स्टेशन पण भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, तिथून परत गाडी करून गावात यायचं. मुलगी बारावीला, त्यामुळे घर हलवायचा विषयच नव्हता. बायको म्हणाली, तुमच्या जेवणाचं काय, मी म्हटलं मेस लावीन, त्यात काय एवढं.

मेस वाईट नव्हती, चालवणारा माणूस पण चांगला, पण रोज रात्री वर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली तोच बटाट्याचा रस्सा, पन्नाशीला टेकलेल्या पोटाला काही ते झेपेना. मध्यरात्री उठून ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवयच लागली. डॉक्टर म्हणाले घरचं खा. आता घर कोल्हापुरात आणि पोट भंडाऱ्यात, मग करायचं कसं.

तर पहिलं काम गॅस. बदलीच्या माणसाला रेग्युलर कनेक्शन, कागदपत्रं, ट्रान्सफर वगैरे भानगडी नको असतील तर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, इंडियन ऑइलचा तो ‘छोटू’ म्हणूनच विकतात, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं. किलोमागे हिशेब केला तर घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा महाग पडतो हे खरं, पण एका माणसाला सोयीचा, उचलायलाही हलका. त्याच्यावर मी एक बर्नरची शेगडी घेतली. दोन बर्नरची का नाही घेतली असं सगळे विचारतात, तर ओट्यावर जागाच नव्हती आणि सिलिंडर पण छोटा. पण त्या एका बर्नरमुळेच मी शिकलो असं मला वाटतं, ते पुढे येईलच.

भांडी घ्यायला बाजारात गेलो. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, जुनं नाव आहे त्यांचं, दुकानात पितळेची पातेली अशी चमकत असतात की बघतच राहावं. मोह झाला. पण पितळेत आंबट काही करायचं तर कल्हई पाहिजे, आणि रोज घासत कोण बसणार, म्हणून गप स्टील घेतलं. ५ लिटरचा कुकर आणि आतले दोन डबे, एक लोखंडी कढई, फोडणीची पळी, एक धार असलेली सुरी, एक मोठी चाळण, मिसळणाचा डबा. आणि एक स्टीलची वाटी. ही वाटी सगळ्यात महत्त्वाची, तिच्यात साधारण १५० मिली पाणी बसतं, आणि ठरवून टाकलं की डाळ, तांदूळ, पाणी, बेसन, पोहे, जे काय असेल ते ह्याच वाटीनं मोजायचं, दुसरी वाटी घ्यायचीच नाही.

कारण काय, तर आईला फोन केला की ती म्हणायची, "अरं, अंदाजानं घाल की." आता तिचा अंदाज साठ वर्षांचा, माझा कुठून येणार! मीठ किती? बेतानं. पाणी किती? बुडेपर्यंत. गॅस किती वेळ? होईपर्यंत. बायको जरा बरी, ती चमच्यावर यायची, पण तिचा चमचा कुठला आणि माझा कुठला. शेवटी मी बँकेतला माणूस, संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही तसं इथेपण आकडे लिहून काढले आणि ओट्याच्या वर टाइल्सवर सेलोटेपनं चिकटवले. अंदाज नंतर आपोआप येतो हो, पण नवख्या माणसाला सुरुवातीला आकडाच पाहिजे. जे लोक शिकवताना "अंदाजे" म्हणतात ते शिकवत नाहीत, ते आपलं कौतुक करून घेतात असं माझं स्पष्ट मत झालंय. (आई सोडून. आईला काय बोलायचं.)

तर वरण-भात. एका माणसाला रात्रीपुरतं अर्धी वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ. डाळीच्या डब्यात दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब, तेलानं डाळ उतू जात नाही. तांदळाच्या डब्यात तांदळाच्या दुप्पट पाणी. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी, त्याच्यावर आधी डाळीचा डबा मग भाताचा. डाळ-तांदूळ दोन्ही पंधरा-वीस मिनिटं आधी भिजवलेले असले तर डाळ कधी दगा देत नाही.

शिट्ट्यांचं प्रकरण मात्र मला फार उशिरा कळलं. प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो, कोणी तीन, कोणी पाच, आमच्या मावशी तर सात म्हणतात. कुकरबरोबर एक पुस्तिका येते, कोणी उघडत नाही ती, मी एका रविवारी बसून वाचली तर त्यात शिट्ट्या नाहीतच, मिनिटं दिलीयत. म्हणजे मोठ्या गॅसवर पूर्ण प्रेशर येऊ द्यायचं, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची. उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि कितीही जाळ लावा त्याच्यावर जात नाही, कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच १२० च्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर मऊ होते. एकदा प्रेशर आलं की ते टिकवायला बारीक गॅस पुरतो, वरच्या शिट्ट्या म्हणजे नुसती वाफ आणि छोटूमधला गॅस बाहेर. माझी तूरडाळ डब्यात, भिजवलेली असली तर, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर दहा-बारा मिनिटांत होते. मग गॅस बंद, आणि प्रेशर आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, कारण त्या वेळात आत शिजणं चालूच असतं.

शिट्टीच होत नसेल आणि बाजूनं वाफ फुसफुसत असेल तर रिंग सैल झालेली असते. ती काढून गार पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये थोडा वेळ ठेवली की तेवढ्यापुरती घट्ट बसते, पण हे वारंवार होत असेल तर सरळ नवीन आणावी.

आता एक बर्नरची गंमत. कुकर हा असा प्राणी आहे की त्याला गॅसवरून खाली उतरवला तरी तो आपलं काम करत राहतो. म्हणजे कुकर पहिला लावायचा, नेहमी पहिला, आणि तो उतरवून बाजूला ठेवला की प्रेशर जायला जी दहा-पंधरा मिनिटं लागतात तेवढ्यात त्याच बर्नरवर भाजी. मी आधी उलटं करायचो, भाजी आधी आणि कुकर मग, आणि भाजी गार होऊन जायची. बाकीच्या घरांत दोन-तीन बर्नर असतात म्हणून क्रम चुकला तरी चालून जातं, इथे क्रम म्हणजेच स्वयंपाक.

माझी संध्याकाळ आता अशी असते. घरी आलो की बूट काढले, हात धुतले आणि खुर्चीवर बसायच्या आधी डाळ-तांदूळ धुऊन भिजत घालायचे. बसायच्या आधी, हे महत्त्वाचं, कारण एकदा बसलो, मोबाईल हातात आला की मग बाहेरून मागवायचंच मन होतं. मग आंघोळ, चहा, घरी फोन. त्यानंतर कुकर लावला की त्याचं सगळं मिळून जे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे त्यात भाजी चिरायची, कांदा-लसूण-मिरची सगळं ताटलीत तयार, लागलंच तर कोशिंबीर. कुकर उतरला की कढई चढली. भाजीवर झाकण टाकलं की लगेच सुरी, पाट, वाट्या धुऊन टाकायच्या, सिंक रिकामं. जेवायला बसेपर्यंत घासायला फक्त कढई आणि ताट उरलं पाहिजे नाहीतर दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करायची इच्छाच होत नाही. कोणतीही रेसिपी सांगणारे ही शेवटची गोष्ट कधीच सांगत नाहीत.

एवढं सगळं आकड्यात बसवलं आणि ते छान चाललं होतं, तोवर दिवाळी झाली. एक दिवस भात अगदी खिमट. परत केला, परत खिमट. वाटी तीच, पाणी तेवढंच, कुकर तोच. खालच्या मजल्यावर घरमालक काकू राहतात, त्यांना डबा दाखवला तर त्या हसायलाच लागल्या. "नवे तांदूळ आहेत जी साहेब हे, पानी कमी टाकाचं." भंडारा-गोंदिया म्हणजे धानाचा पट्टा, कापणी झाली की नवे तांदूळ बाजारात येतात, मी दुकानदाराला तांदूळ द्या म्हटलं, त्यानं दिले, जुने की नवे हे विचारायचं असतं हे मला कुठे माहीत. कोल्हापूरला घरी तांदूळ कोण आणतं ते पण मी कधी बघितलं नव्हतं. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो चिकट होतो, जुना मुरलेला तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा होतो. काकूंनी नव्यासाठी दीडपट पाणी सांगितलं, आणि आई म्हणाली वाटी राहू दे बाजूला, तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी ठेव आणि तांदूळ नवा वाटला तर जरा कमी. मग टाइल्सवरच्या कागदावर दोन ओळी केल्या, जुना दुप्पट, नवा दीडपट. काकूंनी अजून एक गोष्ट शिकवली, तांदूळ घेताना चार दाणे दाताखाली धरून बघायचे, जुना कटकन तुटतो, नवा जरा दबतो. आता दुकानदारासमोर मी असा काही चेहरा करून दाणे चावतो की तो मला धान व्यापारीच समजत असेल.

आणि त्या खिमट भाताचं पण वाया गेलं नाही. गरम असतानाच त्यावर तूप, मीठ आणि मेतकूट, आजारी माणसाचं जेवण म्हणतात त्याला, पण थंडीच्या दिवसात भंडाऱ्याच्या त्या गारठ्यात काय लागतं सांगू. मेतकूट बायकोनं पाठवलं होतं. तेव्हापासून कधीकधी मुद्दाम तांदळात पाणी जास्त घालतो.

फोडणीबद्दल जरा सविस्तर लिहायला पाहिजे, कारण निम्मा मराठी स्वयंपाक तिच्यावरच उभा आहे आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त तिलाच घाबरतो. माझा घोळ असा व्हायचा की मोहरी टाकायचो आणि ती तेलात नुसती पडून राहायची, मग घाई करून बाकीचं टाकायचो आणि खाताना ती कच्ची कडू मोहरी दाताखाली. किंवा मग तेल इतकं तापायचं की हळद टाकल्या टाकल्या काळी. तर उपाय साधा आहे, तेल तापलं असं वाटलं की मोहरीचे दोनच दाणे टाकायचे. ते लगेच तडतडले तर बाकीची टाकायची, नाही तर थांबायचं. तडतडायला लागली की झाकण आडवं धरायचं, आणि आवाज कमी व्हायला लागला की गॅस बारीक. मग जिरं, ते लगेच फुलतं. मग हिंग, मग कढीपत्ता, तो ओला असेल तर तेल उडतं म्हणून आधी पुसून घ्यायचा. लसूण असेल तर तो इथे, कडा तांबूस होईपर्यंत. हळद सगळ्यात शेवटी, आणि हळद पडली की लगेच त्यावर कांदा किंवा भाजी किंवा पाणी काहीतरी पडलंच पाहिजे, तिला तेलात एकटं ठेवायचं नाही. म्हणून फोडणी करायला घ्यायच्या आधी सगळं हाताशी पाहिजे. मोहरी तडतडत असताना लसूण सोलायला घेतला की संपलं.

मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात. माझ्यात मोहरी, जिरं, हळद, हिंगाची डबी, धनेपूड, मीठ आणि आमची चटणी. चटणी म्हणजे कोल्हापूरची कांदा-लसूण मसाल्याची, वर्षाची घरी केलेली, ती एक बरणी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणतो. नवख्या माणसाला हिच्यासारखी सोय दुसरी नाही, कारण वीसेक मसाल्यांचं गणित आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं, आपण फक्त चमचाभर टाकायची. पुण्याकडच्या लोकांचं तेच काम गोडा मसाला करतो, विदर्भात प्रत्येक घराचा आपला काळा मसाला असतो. माझा सल्ला असा, की सुरुवातीला एकच घरचा मसाला धरा आणि तो सगळ्या भाज्यांत घाला. शेल्फवर बारा पुड्या आणून ठेवण्यात काही अर्थ नाही, त्या उघडल्या की सहा महिन्यांत वास जातो आणि टाकून द्याव्या लागतात.

पिठलं मला वरण-भाताच्या आधी यायला पाहिजे होतं खरं तर, कारण त्याला भाजी आणायची पण गरज नाही. बाजार बंद, फ्रिज रिकामा, पगाराची शेवटची तारीख, काहीही असो, बेसन घरात असतंच. अर्धी वाटी बेसन, त्याला साधारण दीड वाटी पाणी. नवीन माणसानं बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावं, बोटांनी गुठळ्या मोडून अगदी सरबरीत, आणि मग उरलेलं पाणी त्यात. आई उकळत्या पाण्यात वरून पीठ पेरते आणि दुसऱ्या हातानं घाटत राहते, तिला जमतं, मला ते बघूनच घाम फुटतो. फोडणीत लसूण सढळ हातानं, सात-आठ पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, कांदा असला तर एक. कांदा मऊ झाला की हे कालवलेलं ओतायचं, मीठ, आणि गॅस मध्यम ठेवून ढवळत राहायचं. दोनेक मिनिटं काहीच होत नाही आणि मग अचानक खालून घट्ट व्हायला लागतं, तेव्हा हात थांबवायचा नाही. घट्ट झालं की गॅस एकदम बारीक, झाकण, पाच-सात मिनिटं. झाकण हवंच, कारण पिठल्याचे बुडबुडे फट्फट् फुटतात आणि हातावर उडाले तर चांगलाच चटका बसतो. झालं कसं ओळखायचं तर कच्च्या पिठाचा वास जातो, वरती जरा तकाकी येते, कडेनं सुटायला लागतं. आणि ताटात पडल्यावर ते अजून घट्ट होतं, म्हणून उतरवताना वाटतं त्याच्यापेक्षा जरा पातळच उतरवायचं. वरून कोथिंबीर. इथली भाजीवाली "सांभार पाहिजे का जी" म्हणते तेव्हा ती कोथिंबीरच देत असते, मी पहिल्यांदा "नको, इडली नाही केली" म्हणून निघून आलो होतो.

शेजारच्या खोलीत आमच्याच ब्रँचचा एक पीओ, म्हणजे नव्यानं लागलेला प्रोबेशनरी ऑफिसर, राहतो, बिहारचा, दरभंग्याकडचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा. तो पण मेसला कंटाळलेला. त्याच्याकडून मला चोखा मिळाला. कुकरच्या तळाला जे पाणी असतं त्यातच दोन बटाटे टाकून द्यायचे, वर डबे, म्हणजे त्याच गॅसमध्ये बटाटे पण उकडून निघतात. मग सोलून कुस्करायचे, त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ, लिंबू, आणि वरून एक चमचा कच्चं मोहरीचं तेल. गरमच करायचं नाही ते. पहिल्या घासाला नाकात झणका गेला आणि मी म्हटलं हे काय, पण आता आठवड्यातून एकदा तरी होतोच. डाळ, भात, चोखा, एका कुकरमध्ये सगळं, कढई घासायची भानगड नाही. त्याला मी बदल्यात पिठलं शिकवलं. "सर, ये तो बेसन का हलवा हो गया, नमकीन वाला," असं म्हणाला होता पहिल्यांदा, आता स्वतः करतो, आणि माझी चटणी मागून नेतो ती वेगळीच.

भाज्यांमध्ये नवख्या माणसानं कशापासून सुरू करावं तर कोबी आणि बटाट्याच्या काचऱ्या. कोबी बारीक चिरला की फोडणीत हळदीबरोबर पडला, झाकण टाकलं की स्वतःच्याच पाण्यात आठ-दहा मिनिटांत शिजतो, मूठभर भिजवलेली चणाडाळ टाकली तर अजून छान. बटाटा पातळ चिरायचा, हीच काय ती अट, आणि झाकणावर थोडं पाणी ठेवायचं म्हणजे वाफेनं खाली लागत नाही. भेंडी मात्र नवख्यांसाठी नाही असं सांगतात ते चूक आहे, ती सोपी आहे, फक्त तिला पाण्याची ॲलर्जी आहे. आख्खी धुवायची, फडक्यानं कोरडी पुसायची आणि मगच चिरायची, झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी, तार सुटलीच तर दोन आमसुलं नाहीतर लिंबू पिळायचं. इतकंच. पालेभाजीला शिजायला पाच मिनिटं पण निवडायला अर्धा तास, म्हणून ती मी कामाच्या दिवशी आणतच नाही.

मिठाचं पण सांगतो. वाटीभर भाजीला सपाट पाव चहाचा चमचा इथून सुरुवात करायची आणि शेवटी चाखायचं. कमी असेल तर वाढवता येतं. पालेभाजी शिजून एवढीशी होते, तिला कढईत भरलेली बघून मीठ घातलं की खारट झालीच म्हणून समजा.

रविवारी एकदाच दोन गोष्टी करून ठेवतो. पाव किलो शेंगदाणे मंद गॅसवर भाजून, गार करून, सालं पाखडून मिक्सरला जाडसर कूट. मिक्सर सलग चालवला तर तेल सुटून गोळा होतो, थांबत थांबत फिरवायचा. हे कूट कोशिंबिरीत, काकडीत, भाजीत, कशातही. दुसरं म्हणजे आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ आणि थोडं तेल घालून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये आठवडा सहज राहतो. एवढ्यानं रोजची दहा मिनिटं वाचतात, आणि ती दहा मिनिटं संध्याकाळी सोन्याची असतात. कांदा चिरून ठेवायच्या फंदात मात्र पडू नका, अख्ख्या फ्रिजला वास येतो आणि चव पण उतरते.

सकाळी पोहे. जाडे पोहे एका माणसाला दीड वाटी, भिजत घालायचेच नाहीत, चाळणीत घेऊन नळाखाली धरायचे, हातानं एकदा हलवायचे आणि निथळत ठेवायचे, तोपर्यंत कांदा परतून होतो. मीठ आणि चिमूटभर साखर पोह्यांनाच लावून घ्यायची, म्हणजे सगळीकडे सारखी लागते. शेवटी झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ, ती चुकवली तर पोहे कोरडे आणि घशात अडकणारे होतात. इकडे नागपूरसारखेच पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओतून देतात, गाडीवर खायला मस्त, पण ती घरी करायच्या नादाला मी लागलेलो नाही.

रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, पोळी उरली तर कुस्करून फोडणीची पोळी, दोन्हीला पोह्यांचीच फोडणी. म्हणून मी भात कधीकधी मुद्दाम जास्त लावतो. उन्हाळ्यात मात्र नाही, इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ओट्यावर राहिलेलं वरण सकाळपर्यंत फसफसतं, तेव्हा उरलेलं सगळं जेवण झाल्या झाल्या फ्रिजमध्ये.

पोळ्यांचं मी स्वतःला लावूनच घेतलेलं नाही. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, एका माणसासाठी ओटाभर पसारा, त्यापेक्षा गल्लीतल्या एक काकू पोळ्या करून देतात त्यांच्याकडून रोज घेतो, यात कमीपणा कसला, पुण्या-मुंबईत निम्मी घरं पोळी-भाजी केंद्रावर चालतात. नवीन माणसानं पहिल्याच महिन्यात गोल पोळीच्या मागे लागून स्वयंपाकच सोडून दिला असं व्हायला नको. आधी भात, वरण, पिठलं, दोन भाज्या, पोहे. एवढ्यावर माणूस आरामात वर्ष काढतो.

भाकरीचं मात्र मनात आहे, कोल्हापूरचा आहे शेवटी. घरमालक काकूंनी सांगितलंय की ज्वारीचं पीठ ताजं दळलेलंच घ्या, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते, आणि पीठ कडकडीत पाण्यात भिजवून गरम असतानाच मळा. इथे गिरणीवाला एक किलो दळून द्यायला कुरकुर करतो, निदान पाच किलो आणा म्हणतो, आणि पाच किलो पीठ मी एकटा संपवेपर्यंत ते जुनं होणार. पीओला विचारलंय अर्धं घेतोस का म्हणून. तो म्हणतो, "सर, पहले आप बनाके दिखाइए."